पाऊस शून्य, की उत्तरच आलं नाही?

आजचा विषय आहे, एआयने लिहून दिलेला कोड आपल्या संगणकावर कसा चालवायचा. त्यातही जो कोड इंटरनेटवरून दुसरीकडची माहिती मागवतो, तो. आपण कोल्हापुरात आहोत, तेव्हा उदाहरण पावसाचंच घेऊ.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, हे तुम्ही पाहिलेलं आहे. समजा, नदीकाठच्या गावातल्या एखाद्या विद्यार्थ्याने एआयला सांगितलं, "राधानगरी परिसरात पुढचे तीन दिवस किती पाऊस पडेल, ते दाखवणारा पायथनचा कोड दे." अर्ध्या मिनिटात वीस-पंचवीस ओळी हातात येतात. पुढे काय करायचं?

आधी एपीआय म्हणजे काय ते बघू. दुसऱ्याच्या संगणकाला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारायची ती खिडकी. सातबारा काढताना आपण तालुका, गाव, गट नंबर भरतो, तसंच इथेही काही रकाने भरायचे असतात. गट नंबर चुकला तरी उतारा मिळतोच, फक्त तो दुसऱ्याच्या जमिनीचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मांडणी. पायथन बसवा, या कामासाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात पायथनची 'व्हेन्व' ही सोय वापरून स्वतंत्र वातावरण तयार करा. म्हणजे इथे बसवलेल्या गोष्टी तुमच्या बाकीच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. मग कोडला लागणारी लायब्ररी 'पिप'ने बसवायची. आपल्या कामाला बहुतेक वेळा 'रिक्वेस्ट्स' ही एकच पुरते. एआयने अनोळखी नाव सुचवलं, तर डोळे झाकून बसवू नका. कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव तो ठोकून देतो, आणि नेमक्या अशाच नावाने कुणीतरी घातक कोड चढवून ठेवलेला असू शकतो. अधिकृत साठ्यावर जाऊन ती कुणाची आहे, कधीपासून आहे, हे बघा.

कोड चालवण्याआधी त्यातला वेबपत्ता शोधा. ओपन-मेटिओ नावाची हवामान सेवा आहे. बिगर-व्यावसायिक वापरासाठी ती किल्ली, म्हणजे एपीआय की, मागत नाही, म्हणून शिकायला बरी. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. राधानगरी साधारण १६.४ अक्षांश आणि ७४ रेखांशावर आहे. कोडमध्ये हे दोन आकडे उलटे पडले, तर कोड कुठेही अडत नाही. तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रातला पाऊस मिळतो. आला ना दुसऱ्याचा उतारा? तापमानही मागवून बघा. जुलैच्या दुपारी राधानगरीत पाच अंश दिसले, की समजून जा.

दुसरा घोटाळा वेळेचा. टाइमझोन सांगितला नाही, तर ही सेवा ग्रिनिचची वेळ धरते. तिचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. 'आशिया/कोलकाता' असं सांगितलं, तर मध्यरात्रीपासून. आणि हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो सकाळी साडेआठ ते साडेआठ. म्हणजे 'आजचा पाऊस' या दोन शब्दांचे तीन अर्थ झाले. पेपरातला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर आधी हे तपासा. शिवाय पेपरात असतो तो पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस, आणि तुमच्याकडे येतो तो गणिती मॉडेलचा अंदाज.

आता मुख्य मुद्दा. समोरच्या सर्व्हरने उत्तर दिलं, की सोबत एक क्रमांक येतो. २०० म्हणजे ठीक. ४०० म्हणजे तुमचा अर्ज चुकला. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, जरा थांबा. ५०० म्हणजे गडबड त्यांच्या बाजूला. एआयच्या कोडमध्ये पुष्कळदा अशी ओळ सापडते: काहीही चुकलं, तर शून्य परत दे. हेतू चांगला, कोड मध्येच बंद पडू नये. पण परिणाम काय? नेट गेलं, सर्व्हर पडला, उत्तरातला रकाना रिकामा आला, तरी स्क्रीनवर दिसतं: 'पाऊस ० मिलिमीटर'.

पाऊस पडणार नाही, हे एक उत्तर आहे. मला माहीत नाही, हे वेगळं उत्तर आहे. धो धो पावसात नेट आणि वीज आधी जाते, म्हणजे हा कोड नेमका गरजेच्या दिवशीच 'पाऊस नाही' म्हणणार. एप्रिलमध्ये तपासलात तर ही चूक दिसणारसुद्धा नाही.

म्हणून एक साधी परीक्षा घ्या. वायफाय बंद करा आणि कोड चालवा. 'माहिती मिळाली नाही' असं आलं, तर पास. शून्य आलं, तर नापास. एआयला स्पष्ट सांगा: चूक लपवू नको, रिकाम्या आकड्याचं शून्य करू नको, शेवटची माहिती किती वाजताची आहे ते छाप. आणि दहा सेकंदांची मुदत घाल. 'रिक्वेस्ट्स' आपणहून मुदत घालत नाही, तेव्हा सर्व्हर गप्प बसला तर कोडही ताटकळत बसतो. तासाला एकदा विचारणं पुष्कळ झालं, दर सेकंदाला दार वाजवू नका.

बाजारभावासाठी सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळाचा एपीआय वापरलात, तर किल्ली लागते. ती कोडमध्ये लिहू नका, एआयच्या चौकटीतही चिकटवू नका. संगणकाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, कोड तिथून वाचेल.

(प्रश्न: सर, हा कोड बघून जनावरं कधी हलवायची ते ठरवता येईल का?)

नाही. एक तर तो पावसाचा अंदाज देतो, नदीची पातळी नाही. राधानगरीतून किती विसर्ग सुटला, कासारी, कुंभी, तुळशी किती भरून आल्या, हे त्यात नाही. राधानगरीचे सात दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, तरीसुद्धा कितवा दरवाजा उघडला हे बघून कळवायला तिथे माणसं असतात. हलायचं कधी, ते बंधाऱ्यावरची पातळी आणि प्रशासनाची सूचना ठरवेल. तुमच्या कोडने फार तर एक दिवस आधी सांगावं, की आज रात्री रेडिओ आणि फोन चालू ठेवा. आणि त्याला माहिती मिळाली नसेल, तर तेही सांगावं.