गुडूचीच्या निमित्ताने

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावी निंबावर चढलेली गुळवेल गुराखीही ओळखतो. वनात वावरणारे गोपाल-अजपाल औषधी नामरूपाने जाणतात, हे चरकाचार्यांनीच नोंदविले आहे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास मात्र ती बहुधा वाळलेल्या तुकड्यांतच भेटते, याचा आम्हांस विषाद वाटतो.

२०२१ मध्ये मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकृती प्रसिद्ध केली. सदृश जातीची गल्लत झाली असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. आक्षेप रास्त, परंतु आपल्या औषधालयातील पोत्यात नेमकी कोणती जाती आहे, हे आपणांपैकी किती जण छातीठोकपणे सांगू शकतील? त्यासाठी वनस्पतिशास्त्र हवे, रुग्णनोंदी पारखण्यास संख्याशास्त्र हवे आणि उत्तर लिहिण्यास धड भाषाही हवी. (ही शेवटची उणीव प्रबंध वाचताना फारच जाणवते!)

एकच शास्त्र शिकणाऱ्यास शास्त्रनिश्चय होत नाही, हे सुश्रुताचार्यांचे मत आपण पाठ करतो आणि विसरतो. आधुनिक औषधशास्त्राच्या अभ्यासक डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सहकाऱ्यांसह अवरोधजन्य कावीळ झालेल्या रुग्णांत गुडूचीचा अभ्यास केला. त्याच लेखणीने वृक्षांवर रसाळ मराठी ललितलेखनही केले. अशी अध्ययनवृत्ती विभागांच्या भिंतींआड घडत नाही.

औषधालयमालक बंधूंनी विद्यार्थ्यांना आपली पोती उघडून दाखवावीत. वैद्यांनी त्यांना वर्षाऋतूत बांधावर न्यावे, सोबत महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांसही बोलवावे. गुराख्याला तर विसरूच नये.