मांजर सूड म्हणून गादी ओली करत नाही

"आम्ही चार दिवस गावाला गेलो होतो ना, त्याचा राग काढलाय गादीवर." मांजर पाळणाऱ्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. राग म्हटला की उपायही तसेच निघतात: ओरडणं, बाल्कनीत कोंडणं, ओल्या जागेवर नाक घासणं. आणि दवाखाना राहून जातो.

लघवीतून सूड घ्यायचा, असा विचार मांजर करत नाही. घर रिकामं राहिलं, जेवणाच्या वेळा बदलल्या, नवं मांजर आलं की त्याला ताण येतो, आणि अनेक मांजरांत हा ताण मूत्राशयावर निघतो. आतल्या अस्तराला सूज येते, थेंबथेंब लघवी होते, आग होते. लिटर बॉक्समध्ये बसलं की दुखतं, एवढंच त्याला कळतं. मग ते मऊ जागा शोधतं, म्हणजे गादी, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग. नाक घासल्याने ते शिकतं एवढंच, की तुमच्यासमोर लघवी करणं धोक्याचं आहे. पुढच्या वेळी ते कपाटामागे जातं.

ही सूज जंतुसंसर्गामुळेच असते, हाही एक समज. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो. त्यामुळे घरात उरलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. ते पचवायची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. एक गोळीही जीव घेते.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज बोक्यांबाबतचा आहे. बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, बाहेर काहीच येत नाही. बाहेर येऊन मागचा भाग चाटत राहतो, मध्येच विव्हळतो. घरचे म्हणतात, "पोट साफ होत नाहीये," आणि तेल किंवा दूध पाजून वाट पाहतात. प्रत्यक्षात त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट पदार्थाचा गठ्ठा तिथे अडकला की वाट बंद. मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत बोका जातो. त्यामुळे बोका कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर रात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टर गाठा.

म्हातारं मांजर घाण करायला लागलं, की "आता वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं. त्यालाही बहुधा कारण असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर लघवीचं प्रमाणच वाढतं. सांधे दुखत असतील तर उंच काठाच्या बॉक्समध्ये चढवत नाही. काठ एका बाजूने कापून खाली आणला तरी फरक पडतो.

भिंतीवर किंवा पडद्यावर उभ्यानेच, शेपूट थरथरवत मारलेली पिचकारी ही वेगळी गोष्ट. ती हद्दीची खूण. मांजरीही अशी खूण करतात. नसबंदीनंतर दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते.

"बॉक्स ठेवलाय की, मग तिथे का जात नाही?" बॉक्स कुठे ठेवलाय ते पाहा. फ्लॅटमध्ये तो बहुतेक वेळा वॉशिंग मशीनशेजारी असतो. मांजर आत असताना मशीन एकदा घरघरलं, की ती जागा त्याच्या मनातून उतरते. झाकणाचा, सुगंधी लिटरचा बॉक्स माणसाच्या नाकाला बरा वाटतो. अनेक मांजरांना बारीक, वालुकामय, बिनवासाचं लिटर आवडतं. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, रोज उपसायला हवा. मांजरं असतील त्यापेक्षा बॉक्स एक जास्त, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी. दोन मांजरांना तीन बॉक्स म्हणजे चैन वाटेल, पण एक दांडगट मांजर बॉक्सच्या वाटेवर बसून दुसऱ्याला अडवतं, ते आपल्या लक्षातही येत नाही.

राहिली सफाई. आपल्याकडे हात लगेच फिनाईलच्या बाटलीकडे जातो. त्यातली फेनॉलसारखी रसायनं मांजराचं शरीर नीट निकामी करू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतंच. ब्लीचही नको; लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. नुसत्या पाण्याने यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक नीट निघत नाहीत, म्हणून पावसाळी दमट हवेत तोच वास पुन्हा वर येतो आणि मांजर पुन्हा तिथेच जातं. आधी कापडाने टिपून घ्या, मग मांजराच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइमचा क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्या.

डॉक्टरांकडे जाताना लघवी कुठे केली, किती केली, बसून की उभ्याने, हे लिहून न्या. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरलेलं मांजर लघवी करून दाखवत नाही, आणि निदानाचा अर्धा भाग तुमच्या सांगण्यावर ठरतो.