अटलांटिसपासून पळसदेवपर्यंत

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या ग्रंथनामातील आकडा खोलीचा आहे, असा समज अनेकांचा होतो. वस्तुतः तो पाणबुडीने पाण्याखालून कापलेल्या अंतराचा आकडा असून, एक लीग म्हणजे सुमारे चार किलोमीटर हे फ्रेंच माप धरले, तर ते अंतर ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या दुप्पट भरते. खोलीच्या बाबतीत मात्र व्हर्नची लेखणी सुसाट सुटली आणि त्याची 'नॉटिलस' ही पाणबुडी १६,००० मीटरपर्यंत उतरली. मारियाना गर्ता हा महासागराचा सर्वांत खोल भाग जेमतेम ११,००० मीटरच्या आसपास आहे; पण ही कादंबरी १८६९–७० मध्ये क्रमशः छापली जात असताना समुद्राची खोली दोराला शिशाचे वजन बांधून मोजली जात होती, आणि 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाची सागरतळ धुंडाळणारी मोहीम १८७२ मध्ये निघायची होती. तळाचा नकाशाच कोरा होता, आणि त्या कोऱ्या जागेत कादंबरीकारांनी नगरे वसवली.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नगर अटलांटिस. प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाने इ. स. पूर्व चौथ्या शतकात आपल्या दोन संवादांत सांगितलेले हे बेट उन्मत्त झाले आणि एका अहोरात्रीत समुद्रात गडप झाले. व्हर्नच्या कादंबरीत नॉटिलसचा धनी कॅप्टन नेमो कथेचा निवेदक प्राध्यापक अरोनॅक्सला पाणबुड्याचा पोशाख चढवून, सुमारे ३०० मीटर खोलीवर, सागरतळावरील ज्वालामुखीच्या उजेडात, पडक्या मंदिरांच्या आणि कोसळलेल्या खांबांच्या मधून चालवत नेतो. पोशाखात बोलता येत नसल्यामुळे तो खडूसारख्या दगडाचा एक तुकडा उचलून बेसॉल्टच्या काळ्या खडकावर केवळ 'अटलांटिस' एवढेच नाव लिहितो. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. सोलापूरच्या वाचकाला तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही, कारण दख्खनचे पठारच त्याचे आहे.

नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोणीही नाही' असा आहे, आणि या निनावी माणसाचे मूळ हा मराठी वाचकाच्या दृष्टीने या साहित्यातील सर्वांत मोलाचा भाग ठरतो. व्हर्नच्या मनात तो रशियाविरुद्ध उठलेला पोलिश बंडखोर होता. परंतु रशियातील वाचक दुरावतील या भीतीने प्रकाशक एत्झेल याने हरकत घेतली, आणि पहिल्या कादंबरीत त्याचा देश गुलदस्त्यातच राहिला. तरीही मन्नारच्या आखातात शार्कच्या तावडीतून एका गरीब मोती काढणाऱ्याला वाचवल्यावर तो स्वतःला दडपलेल्यांच्या देशाचा म्हणवतो, तेव्हा सूचना पुरेशी मिळते. पुढे १८७४–७५ मधील 'गूढ बेट' या कादंबरीत उलगडा होतो: नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ च्या उठावात लढलेला राजपुत्र डक्कर. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा भाचाही करून टाकले आहे. बुंदेलखंड आणि म्हैसूर यांची सोयरीक त्याने कोणत्या वंशावळीतून काढली, हे त्यालाच ठाऊक. मात्र ज्या प्रदेशात झाशी आहे त्याच प्रदेशात त्याने आपला नायक जन्माला घातला, आणि १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीत तर परागंदा नानासाहेब पेशव्यांनाच खलनायक म्हणून उभे केले, यावरून सत्तावनने युरोपीय कल्पनाशक्तीला किती पछाडले होते हे दिसते. व्हर्नला मराठीत आणणाऱ्यांत 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत अग्रभागी होते.

आर्थर कॉनन डॉइल याने १९२० च्या दशकाअखेरीस लिहिलेल्या 'मॅराकॉट डीप'मध्ये अटलांटिसचे वंशज तळाशी जिवंतच सापडतात. ही कथा व्हर्नच्या तुलनेत पातळ आहे, कारण तिच्यात विज्ञानाची जागा लवकरच भुताखेतांनी घेतली आहे. लगेच १९३० पासून निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब याने बॅथिस्फिअर, म्हणजे पोलादी दोराला टांगलेला पोकळ पोलादी गोळा, समुद्रात सोडायला सुरुवात केली आणि १९३४ मध्ये ९२३ मीटर खोली गाठली. त्याला मासे दिसले, मंदिरे नव्हेत. भारतीय परंपरेतील बुडालेले नगर म्हणजे महाभारताच्या मौसलपर्वातील द्वारका; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात आजच्या द्वारकेजवळ समुद्रात केलेल्या शोधात दगडी नांगर आणि घडीव दगड मिळाले, परंतु त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय सागरवीर अटलांटिक महासागरात ५,००२ मीटरपर्यंत उतरले. ते ज्या फ्रेंच पाणबुडीतून गेले तिचे नाव 'नॉटील', म्हणजे नॉटिलसचेच फ्रेंच रूप.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरला बुडालेल्या वस्तीसाठी इतके खोल जावे लागत नाही. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या फुगवट्याखाली नदीकाठची अनेक गावे गेली. येथे देवाचा कोप झाला नाही. मोजणी झाली, नोटिसा निघाल्या, पुनर्वसनाची गावठाणे आखली गेली. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, जवळजवळ ६४ टीएमसी हा मृत साठा आहे, म्हणजे एरवीच्या वापरासाठी न धरलेले पाणी. तो वापरात येऊ लागला की 'उजनी मायनसमध्ये गेली' असे म्हणतात. अशा दुष्काळी उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर हळूहळू वर येते: आधी शिखर, मग काळ्या पाषाणाचे खांब, अखेरीस चिखलात उभे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाचे कोरीव दगड. सोलापूरच्या नळांना याच जलाशयाचे पाणी येते, त्यामुळे ज्या वर्षी पाणी चार-पाच दिवसांआड सुटते, त्या वर्षी पळसदेवला पाहुण्यांची गर्दी असते. आणि पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की त्या खांबांमध्ये पुन्हा मासेमारीच्या होड्या फिरू लागतात.