जीव देवाचा, माणूस आपल्यांचा

वाईट बातमीची धास्ती टळली की आपण म्हणतो, ‘जीवात जीव आला.’ एका माणसात दोन जीव कसे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड समाजाच्या परंपरेत मात्र त्याचं नीट उत्तर आहे. माणसात खरंच दोन गोष्टी नांदतात आणि मरणानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिला तो जीव. आईच्या पोटातल्या गर्भात तो भगवान धाडतो आणि परत बोलावतो, तेव्हा माणूस मरतो. तोच जीव पुढे दुसऱ्या कुणाच्या पोटी जन्म घेऊ शकतो. दुसरा तो सनाल, म्हणजे गेलेला माणूस, त्याच्या नावागावासकट. सनाल भगवानाकडे जात नाही. तो आपल्या कुळातल्या आधी गेलेल्यांत, कुळाच्या देवापाशी, पेरसापेनापाशी राहतो. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलावाई गावी राहून ही समजूत टिपली. आज महाराष्ट्रात असलेलं किनवटही तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. नदीच्या अलीकडे-पलीकडे कुळंही तीच.

पण सनाल आपोआप पूर्वजांत मिसळत नाही. त्याला पोचवावं लागतं. घरच्यांची ऐपत झाली की त्याच्या नावाने विधी होतो, नैवेद्य दिला जातो आणि परधान, म्हणजे गोंडांचा परंपरागत भाट, किंगरी घेऊन बसतो. किंगरी म्हणजे तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. तिच्या सुरावर परधान कुळाची कथा गातो. देव कुठून आले, पूर्वज कुठे वसले, हे त्या कथेत असतं आणि गेलेला माणूस त्याच माळेत ओवला जातो. म्हणून मयताच्या मागे परधानाला मानाचं देणं असे. हे पोचवणं राहून गेलं, तर सनाल घराभोवती घोटाळतो आणि मागे राहिलेल्यांना त्रास देतो, अशी भीती असते.

ज्याच्यापाशी जायचं, तो पेरसापेन दिसायला किती साधा! लोखंडी भाल्याचं पातं आणि पांढरा चौर, म्हणजे चवरी, बस्स. सणाच्या दिवशी त्यांना न्हाऊ घालतात, नाचवतात. त्या दोन वस्तूंत कुळाचे सगळे गेलेले आहेत, असं मानणाऱ्यांच्या नजरेने पाहिलं की त्या नाचाचा अर्थ उलगडतो. तिथे देवाबरोबर आजा-पणजाही नाचत असतात.

रानातल्या, शेतातल्या देवांचा कारभार वेगळा. आदिलाबादकडचे गोंड तो बऱ्याचदा शेजारच्या कोलाम जमातीवर सोपवतात आणि कोलामांना ‘पुजारी’च म्हणतात. ज्याची वस्ती इथे जुनी, त्याला इथल्या जागेचे देव ओळखतात, हा त्यामागचा विश्वास.

मरणानंतर वाटा वेगळ्या होतात, ही समजूत एकट्या गोंडांची नाही. दूर लाओसच्या डोंगरांतले ह्मोंग लोकही माणसात एकाहून अधिक आत्मे मानतात. पुष्कळजण तीन सांगतात. एक थडग्यापाशी राहतो, एक पूर्वजांकडे जातो, एक पुन्हा जन्मतो. मयताच्या वेळी वाट दाखवणारं गाणं म्हणतात. ते आत्म्याला आयुष्यात जिथेजिथे राहिला त्या गावांतून उलट नेत, जिथे त्याची वार पुरली त्या जागेपर्यंत पोचवतं. 1975 नंतर हजारो ह्मोंग निर्वासित होऊन अमेरिकेत गेले. तिथेही हे गाणं त्यांना सोडवलं नाही, कारण वाट माहीत नसलेला आत्मा परक्या मुलखात एकटा पडतो. ‘इथे माझी नाळ पुरली आहे’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

अशा समजुतींना अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मरण दोन प्रश्न टाकून जातं. प्राण गेला कुठे, आणि आपला माणूस गेला कुठे? पहिल्याचं उत्तर गोंडांनी देवावर सोपवलं. दुसऱ्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यामुळे दुःखाला काम मिळतं आणि काम संपलं की थोडा विसावाही.

कुळाच्या देवाशी असलेलं हे नातं लग्नातही दिसतं. गोंडांत सोयरीक जुळवताना आधी विचारतात, ‘किती देवाचे?’ म्हणजे तुमचं कुळ चार, पाच, सहा की सात देवांच्या गटातलं? एकाच संख्येच्या गटात लग्न होत नाही. लग्नानंतर आदिलाबादकडच्या केसलापूरला नागोबा या नागदेवाशी मेश्राम कुळाच्या नव्या सुनांची भेट घडवतात, कारण ते आता त्यांचंही कुळ असतं. ‘किती देवाचे?’ या प्रश्नात म्हणूनच दुसरा एक प्रश्न आहे. शेवटी तुम्ही कोणाच्यात जाणार? ज्याला याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक आहे, तो मेल्यावरही एकटा पडत नाही.