अणुभार कोणाचा स्थिर? कन्हान परिसरातील तीन द्रव्यांच्या निमित्ताने

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा मार्ग कामठी मागे टाकून कन्हान नदी ओलांडतो. नदीच्या दोन्ही अंगांस भूगर्भात दगडी कोळशाचे थर आहेत. याच वाटेने पुढे गेल्यास रामटेक तालुक्यात मनसर व कांद्री येथील मँगनीजच्या खाणी लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या खाणींतून धातुपाषाण निघत आला आहे. पाणी, कोळसा आणि मँगनीज ही तीन द्रव्ये एका दिवसाच्या फेरफटक्यात गोळा करून प्रयोगशाळेत आणावीत, आणि त्यांतील हायड्रोजन, कार्बन व मँगनीज या मूलद्रव्यांचे अणुभार भिंतीवरील कोष्टकात पाहावेत. मँगनीजसमोर ५४.९३८०४३ असा एकच आकडा आढळतो. त्यातील अनिश्चितता शेवटच्या अंकात दोनची, म्हणजे सुमारे पावणेतीन कोटींत एक भाग एवढीच आहे. कार्बनसमोर मात्र कोष्टक अद्ययावत असल्यास एक आकडा नसतोच, १२.००९६ ते १२.०११६ अशी मर्यादा दिलेली असते. हायड्रोजनचीही गत तीच : १.००७८४ ते १.००८११. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००९ साली या व आणखी काही मूलद्रव्यांसाठी ही पद्धत स्वीकारली.

ज्या कार्बनवर आज सर्व अणुभारांची उभारणी झाली आहे, त्याचाच अणुभार डळमळीत असावा आणि खाणीतल्या काळ्या दगडातील मँगनीजचा अढळ असावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. आपल्या अभ्यासक्रमांत अणुभार हा एका प्रकरणात निसर्गाचा अचल आकडा म्हणून शिकविला जातो आणि समस्थानिक दुसऱ्या प्रकरणात येतात. या दोहोंची गाठ क्वचितच घालून दिली जाते. त्यामुळे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही 'अणुभार बदलतो' असे ऐकल्यावर गोंधळात पडतो. प्रस्तुत लेखात ती गाठ घालण्याचा प्रयत्न आहे.

मूलद्रव्याचे रासायनिक व्यक्तित्व अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवर, म्हणजे अणुक्रमांकावर ठरते. मोझली याने १९१३ साली क्ष-किरणांच्या वर्णपटावरून हे प्रस्थापित केले, तेव्हा त्याने तपासलेल्या पहिल्या दहा-अकरा पदार्थांत मँगनीज होते. त्याचा क्रमांक पंचवीस, क्रोमियमचा चोवीस व लोहाचा सव्वीस. अणुकेंद्रात प्रोटॉनांखेरीज न्यूट्रॉनही असतात. त्यांची संख्या बदलली तर अणूचे वजन बदलते, परंतु आवर्त सारणीतील स्थान बदलत नाही. अशा अणूंना सॉडीने १९१३ मध्येच जे नाव दिले, ते त्याला मार्गारेट टॉड या विदुषी डॉक्टरांनी ग्रीक शब्दांवरून सुचविले होते. मराठीतील 'समस्थानिक' हा शब्द त्या ग्रीक अर्थाशी तंतोतंत जुळतो. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येस येथे भारांक म्हटले आहे.

मँगनीजचे इलेक्ट्रॉन म्हणाल तर त्यांच्याइतके बहुरूपी थोडेच. मनसरच्या धातुपाषाणातील ब्राउनाइटमध्ये मँगनीज दोन व तीन अशा दोन्ही संयुजांनी वावरते, पायरोल्युसाइटमध्ये चार संयुजेने, आणि अनुमापनाच्या नळीतील जांभळ्या परमँगनेटात सातांपर्यंत चढते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्मर यांचा १९०९ चा मँगनीजवरील बृहद्ग्रंथ चाळला, तर या प्रदेशातील खनिजांची विविधता पाहून मन चकित होते. येथील मँगनीजयुक्त खडकांना त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीचे नावही त्यांनी एका खनिजास दिले होते. पण ही सारी विविधता बाहेरच्या कवचांची आहे. केंद्राकडे पाहू जाता या सर्व खनिजांतील प्रत्येक मँगनीज अणू एकाच जातीचा आहे : पंचवीस प्रोटॉन, तीस न्यूट्रॉन, भारांक पंचावन्न. दुसरा स्थिर समस्थानिक नाही.

असे का व्हावे? लोहाला ५४, ५६, ५७, ५८ असे चार स्थिर समस्थानिक आहेत. क्रोमियमला ५०, ५२, ५३, ५४ असे चार. त्यांच्या मधोमध बसलेल्या मँगनीजला एकच. याचे उत्तर समस्थानिकांत नसून समभारिकांत, म्हणजे एकाच भारांकाच्या पण भिन्न मूलद्रव्यांच्या अणूंत, शोधावे लागते. माटाउख याने १९३४ साली मांडलेला नियम असा की, लगतच्या अणुक्रमांकांचे दोन समभारिक दोघेही स्थिर असू शकत नाहीत. अधिक ऊर्जा असलेला दुसऱ्यात रूपांतर पावतो. आता भारांक घेऊन एक एक जागा तपासू. ५३ ची जागा क्रोमियमने घेतली आहे. म्हणून मँगनीज-५३ आपल्याच कवचातील एक इलेक्ट्रॉन केंद्रात ओढून क्रोमियम-५३ होते. ५४ च्या जागी क्रोमियम व लोह दोघेही आहेत. त्यांत दोन अंकांचे अंतर असल्याने नियमाचा भंग होत नाही, परंतु मधल्या मँगनीज-५४ मध्ये प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्ही विषम संख्येने असल्याने ते टिकत नाही. ३१२ दिवसांच्या अर्धायुकालाने त्याचे क्रोमियम होते. ५६ व ५७ या जागा लोहाच्या. मँगनीज-५६ अवघ्या २.५८ तासांत निम्मे होऊन लोहात विलीन होते. उरतो ५५. येथे मात्र उलट प्रकार घडतो : लोह-५५ आणि क्रोमियम-५५ हे दोघेही दोन बाजूंनी मँगनीज-५५ कडेच येतात. शेजाऱ्यांनी चहूकडून जमीन व्यापलेली असताना एवढा एकच तुकडा मँगनीजच्या वाट्याला आला. प्रोटॉनांची संख्या विषम असलेल्या मूलद्रव्यांना दोनांहून अधिक स्थिर समस्थानिक कधीच नसतात. सोडियम, अॅल्युमिनियम, फॉस्फरस, कोबाल्ट, आयोडीन, सोने ही मँगनीजसारखीच एकाकी आहेत.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर करणे अवश्य आहे. क्लोरीनचा अणुभार ३५.४५ आहे, कारण ते ३५ व ३७ यांचे मिश्रण आहे, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्यावरून तो अनुमान काढतो की, जो अणुभार पूर्णांक नाही तो मिश्रणाचाच. मग मँगनीजचा ५५ का नाही? पंचवीस हायड्रोजन अणू व तीस न्यूट्रॉन सुटे सुटे तोलले तर बेरीज सुमारे ५५.४५५६ भरते. प्रत्यक्ष अणू ५४.९३८० भरतो. ही ०.५१७५ ची घट म्हणजे अणुकेंद्र बांधताना बाहेर पडलेली ऊर्जा होय. ती सुमारे ४८२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दर कणामागे पावणेनऊ दशलक्षांहून किंचित अधिक येते. दशांशचिन्हापुढचे आकडे येथे मिश्रणाचे निदर्शक नाहीत, बंधनाचे आहेत. बंधन सर्वत्र सारखेच असल्याने मनसरचे मँगनीज आणि पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही खाणीतले मँगनीज यांचा अणुभार एकच.

कोळशाकडे वळलो की हा आधार सुटतो. कामठीच्या कोळशाचे थर बराकर संचातील असून त्यांवर जो वालुकाश्म आहे त्याला भूशास्त्रात कामठीचेच नाव आहे. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे. कार्बनचे स्थिर समस्थानिक दोन : १२ हा सुमारे ९८.९ टक्के आणि १३ हा १.१ टक्का. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेताना हलका रेणू अंमळ अधिक पसंत करतात. रासायनिक गुणधर्म समस्थानिकांत सारखेच असतात, हे विधान म्हणून स्थूलमानानेच खरे आहे. वेगात सूक्ष्म फरक पडतो, आणि वनस्पती तो फरक कोट्यवधी वेळा गिरवून साठवून ठेवते. समुद्रात तयार झालेल्या चुनखडीच्या मानाने कोळशातील कार्बन-१३ हजारी सुमारे पंचवीसने कमी असतो. त्याचा अणुभारावरील परिणाम ०.०००३ च्या घरात. तराजूला हा फरक जाणवत नाही, पण वस्तुमान-वर्णपटमापकाला तो स्वच्छ दिसतो.

कार्बन-१४ चा प्रश्न कोळशाच्या बाबतीत उद्भवतच नाही. त्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षे. समजा, संपूर्ण पृथ्वीच निव्वळ कार्बन-१४ ची बनविली. तरी १६७-१६८ अर्धायुकालांत, म्हणजे साधारण साडेनऊ लक्ष वर्षांत, शेवटचा एखादाच अणू शिल्लक राहील. कोळशाने तर त्रेचाळीस हजारांहून अधिक अर्धायुकाल पाहिले आहेत. म्हणून कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून जो कार्बन हवेत जातो तो कार्बन-१४ ने रिता आणि कार्बन-१३ ने उणा असतो. खनिज इंधनाने हवेतील कार्बन-१४ विरळ होत आहे, हे स्यूस याने १९५५ साली झाडांच्या वलयांवरून दाखविले. हवेतील कार्बन-१३ चे प्रमाणही औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने हजारी सुमारे दोनने खाली आले आहे. हवेतील कार्बनचा अणुभार माणसाच्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पाण्याची कथा मात्र खुद्द अणुभाराच्या मापनाच्या मुळाशी जाते. पूर्वी रसायनवेत्ते नैसर्गिक ऑक्सिजन बरोबर १६ मानून इतर अणुभार ठरवीत. १९२९ साली जिओक व जॉन्स्टन यांनी ऑक्सिजनात १८ व १७ हेही समस्थानिक असल्याचे दाखविले. पदार्थवैज्ञानिकांनी लगेच केवळ ऑक्सिजन-१६ हा बरोबर १६ मानला. दोन मापे झाली आणि त्यांत १.०००२७५ हा गुणक आला. इतक्यावरही भागले असते. परंतु १९३५ मध्ये डोल याने हवेतील ऑक्सिजन पाण्यातील ऑक्सिजनापेक्षा किंचित जड असतो हे निदर्शनास आणले. म्हणजे एका रसायनवेत्त्याने ऑक्सिजन हवेतून घेतला व दुसऱ्याने कन्हानच्या पाण्याचे विघटन करून मिळविला, तर दोघांचे १६ एक नव्हते, आणि पर्यायाने दोघांच्या कोष्टकांतील सारेच आकडे भिन्न! पुन्हा नदीचे पाणीही बारमाही एकसारखे नसते. छिंदवाडा जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावलेली ही नदी ग्रीष्मात रोडावते. बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडून जात असल्याने उरलेल्या पाण्यात जड हायड्रोजन व ऑक्सिजन-१८ यांचे प्रमाण वाढते; पावसाळ्यातील मोठ्या सरींचे पाणी बहुधा त्यांच्या मानाने हलके असते. हे मोजमाप अस्थिर पायावर होते, हे उमगल्यानंतर १९६० व १९६१ या दोन वर्षांत पदार्थवैज्ञानिक व रसायनवेत्ते यांनी मिळून कार्बन-१२ हा एकच समस्थानिक बरोबर १२ मानण्याचे ठरविले. लेखारंभीच्या विसंगतीचा उलगडा येथे होतो : प्रमाण म्हणून निवडला आहे तो कार्बनचा एक समस्थानिक, कोळशातला वा हवेतला कार्बन नव्हे.

याच प्रकरणातून जड हायड्रोजनाचा शोध कसा लागला, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑक्सिजनाचे समस्थानिक सापडल्यावर बर्ज व मेन्झेल यांनी १९३१ साली असे दाखविले की, ॲस्टनने वर्णपटलेखकाने काढलेला हायड्रोजनाचा अणुभार व रसायनवेत्त्यांचा अणुभार यांचा मेळ बसण्यासाठी हायड्रोजनात दर साडेचार हजारांमागे एक जड अणू असला पाहिजे. युरे याने द्रव हायड्रोजन उडवून उरलेल्या अंशात तो शोधला, आणि तो सापडलाही. पुढे १९३५ मध्ये ॲस्टनने आपला मूळ आकडा सुधारला आणि ज्या विसंगतीवरून शोधाला आरंभ झाला ती विसंगती वस्तुतः नव्हतीच, असे ठरले. अचूक आकडा आधीच हाती असता तर आपण शोधास प्रवृत्तच झालो नसतो, अशी कबुली युरेने मोकळेपणाने दिली आहे. जड हायड्रोजनाचे खरे प्रमाण सुमारे ६४०० अणूंमागे एक आहे.

राहता राहिला मँगनीजच्या अढळपणाचा प्रश्न. मँगनीज-५३ चा अर्धायुकाल ३७ लक्ष वर्षांचा आहे. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी, ते अजून शिल्लक होते : दर दहा लक्ष मँगनीज-५५ अणूंमागे सहा-सात. हे प्रमाण क्षुल्लक दिसले, तरी त्यामुळे मँगनीजचा अणुभार त्या काळी पाचव्या दशांश स्थळी आजच्याहून कमी होता, आणि कोष्टकातील आजची अनिश्चितता त्याहून लहान आहे. मनसरचे खडक घडेपर्यंत त्या मँगनीज-५३ चे शेकडो अर्धायुकाल उलटून गेले होते. त्याचा माग मात्र उल्कापाषाणांत लागतो : ज्या खनिजांत क्रोमियमच्या मानाने मँगनीज अधिक, त्यांत क्रोमियम-५३ ही त्याच प्रमाणात अधिक भरते.