सुई, गोळी आणि उपचार: एकाच दारात

सुईने नशा करणारा माणूस दवाखान्यात उशिरा येतो. हातावरचं गळू चिघळल्यावर, आणि तेव्हाही बोलणी खावी लागतील या धास्तीने. नशा सुटेपर्यंत न थांबता आधी हानी कमी करायची, हा यावरचा मार्ग. मुंबईची 'संकल्प' ही संस्था १९९५ पासून अशा लोकांसोबत आहे.

त्यासाठी सरकारी केंद्रांत रोज नर्ससमोर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळू देतात. हेरॉइनची तलफ आणि अंगदुखी आवरते, टोचून घेणं कमी होतं. माणूस रोज येतोच, मग तिथेच जखमेची मलमपट्टी, क्षयासाठी थुंकीची तपासणी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची चाचणीही व्हावी. हिपॅटायटिस सी निघाल्यास २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ सुया पुरवण्याला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं संरक्षण आहे.

बुऱ्हाणपुरात सुईने नशा करणाऱ्या यंत्रमागावरच्या मजुराला रोजंदारी बुडवून चार दारं झिजवणं परवडत नाही. त्याला हे सगळं एकाच ठिकाणी, सन्मानाने मिळायला हवं.

हेल्पलाइन: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७.