बांधावर फोन मान का टाकतो? बॅटरीचा हिशेब वाचा

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक चढवण्याचे काम तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले. वसई तालुक्यात पश्चिमेकडची केळीची वाडी असो की तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे पारोळ-भाताण्याकडचे भातखाचर, शेतात उभे राहून फोटो काढावाच लागतो. आणि नेमका तेव्हाच फोन मान टाकतो! नोंद राहिली तर पीक विमा, नुकसानभरपाई, धानखरेदी, सगळीकडे अडते. आपण मग ॲपला शिव्या घालतो. पण चार्जिंग कोणी खाल्ले हे फोन स्वतःच लिहून ठेवत असतो, ते आधी बघा.

सेटिंगमध्ये 'बॅटरी' आणि त्यात 'बॅटरीचा वापर' असे पान असते. ते बनते कसे? फोनमधली एक चिप बॅटरीत किती करंट आला नि किती गेला याची सतत मोजदाद करते. कोपऱ्यातले टक्के त्यावरूनच येतात. मात्र प्रत्येक ॲपला वेगळा मीटर नाही. चार भावांच्या विहिरीवर एकच पंप असावा आणि ज्याने जितके तास पाणी घेतले तसे बिल वाटावे, तसा हा प्रकार. स्क्रीन, जीपीएस, नेटवर्क यांना किती करंट लागतो याचा तक्ता कंपनीने आत भरून ठेवलेला असतो. कोणत्या ॲपने काय किती वेळ वापरले ते फोन नोंदतो आणि त्यावरून हिशेब मांडतो. म्हणजे आकडा अंदाजाचाच, पण चोर सापडायला पुरतो.

टक्के वाचताना मात्र फसगत होते. समजा, फोन 100 वरून 40 वर आला आणि एका ॲपपुढे 50 टक्के दिसले. बऱ्याच नव्या फोनांत याचा अर्थ खर्च झालेल्या 60 पैकी निम्मे, म्हणजे 30. यादीची बेरीज करा. ती 100 च्या आसपास आली तर हिशेब असाच आहे. काही फोन शेवटच्या पूर्ण चार्जपासूनचा हिशेब दाखवतात, काही मागच्या 24 तासांचा, तेही वर वाचून घ्या.

ॲपच्या यादीवर थांबू नका. स्क्रीन, मोबाईल नेटवर्क यांची नावे बऱ्याच फोनांत वेगळ्या यादीत असतात. भर उन्हात दिसावे म्हणून आपण प्रकाश पूर्ण वाढवतो, तो खर्च तिथे निघतो. डोंगराआड रेंज नसली की फोन टॉवर शोधत जादा जोर लावतो. खिशात पडून राहिलेला फोनही त्याने उतरतो. तेव्हा शेताकडे जाताना विमान मोड लावा आणि नोंदीच्या वेळी काढा.

एखादे ॲप न उघडता तासन् तास 'बॅकग्राउंड'मध्ये चालू दिसले तर त्याला तिथूनच आवर घालता येतो. ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेबांनी एवढे जपावे, की तहसीलचे निरोप ज्या ॲपवर येतात त्यालाच लगाम घालू नये, नाहीतर निरोप उशिरा पोचतील.

आणि यादीत कोणीच मोठा खाणारा नसताना फोन 15-20 टक्क्यांवर पटकन बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीच्या वयाचा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. कॅमेरा नि जीपीएस एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते आणि टक्के शिल्लक दिसत असूनही फोन बंद होतो. त्यावर ॲप काढून टाकणे हा इलाज नव्हे, बॅटरी बदलावी लागते. तोवर फोटोचे काम सकाळी, फोन भरलेला असतानाच उरका. नाहीच जमले तर शेजाऱ्याचा फोन मागा. एका मोबाईलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते.